दुबार पेरणीच्या आधी तास उकरून बघा

सीए इंटरला, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा अडकलेल्या मुलामुलींसाठी

मृगात पाऊस होतो, सोयाबीन पेरलं जातं, आणि आठ-दहा दिवसांनी बघावं तर तासच्या तास मोकळे. अशा वेळी आमच्या मानवतकडचा शेतकरी लगेच दुसरी बॅग आणायला कृषी केंद्रावर जात नाही. आधी तो खाली बसतो आणि बोटानं तास उकरतो. बी कुजलं का? खोल गेलं का? की जमिनीत ओलच नव्हती? कारण हाताला लागलं की मगच दुबार पेरणीचं बोलायचं.

मी इंटरच्या पहिल्या ग्रुपला, म्हणजे पेपरांच्या पहिल्या गटाला, चार वेळा नापास झाले. तेव्हा त्या परीक्षेला आयपीसीसी म्हणायचे. नोव्हेंबर 2010, मे 2011, नोव्हेंबर 2011, मे 2012. नोव्हेंबर 2012 ला ग्रुप निघाला. पहिल्या तीन वेळी मी तास न उकरताच पेरत राहिले होते. निकाल लागला की दोन दिवस रडायचं, तिसऱ्या दिवशी अकाउंट्सचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचं. त्यामुळे पहिली चार प्रकरणं मला झोपेतही येत होती, आणि शेवटच्या चारांपर्यंत मी एकदाही धड पोचले नव्हते. वडिलांनी, आमच्या आबांनी, शेवटी विचारलं, "दर वेळी तेच करायलीस, मग पीक वेगळं कसं येईल?" त्या प्रश्नानं माझी दिशा बदलली.

आता परभणीत माझी प्रॅक्टिस आहे. इंटरचा निकाल लागला की आठवडाभरात ऑफिसात कुणी ना कुणी येऊन बसतं. जिंतूरचा मुलगा, गंगाखेडची मुलगी, कधी त्यांचे वडील एकटेच. त्यांना जे सांगते, तेच इथं क्रमानं लिहिते. क्रम मोडू नका, कारण बहुतेक जण तिसरी पायरी सोडून थेट सहावीवर जातात आणि तिथंच पुन्हा घसरतात.

पहिले आठ दिवस

या आठ दिवसांत तीन गोष्टी करायच्या नाहीत. नवीन क्लासची फी भरायची नाही. "सीए सोडला" असं कुणाला सांगायचं नाही. आणि "पुढच्या वेळी दोन्ही ग्रुप देतो" असंही जाहीर करायचं नाही. त्या वेळचा निर्णय दुखातला असतो. दुखात आपण एक तर फार मोठं वचन देतो, नाही तर सगळंच टाकून देतो.

शहरात खोली करून राहत असाल तर दोन-तीन दिवस घरी जा. निकाल फोनवर कळवला असला तरी समोर बसून एकदा सांगा. आई-वडिलांना आपल्या गुणांतलं काही कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण लपवलेलं मात्र त्यांना लगेच कळतं. माझ्या दुसऱ्या निकालानंतर मी दीड महिना गावी गेले नव्हते. त्या दीड महिन्यात माझा अभ्यास झाला नाही आणि आईला झोप लागली नाही.

गावात, लग्नात, एसटी स्टँडवर "काय झालं मग तुझ्या सीएचं?" हा प्रश्न येणारच. त्याला एक वाक्य तयार ठेवा: "एक ग्रुप राहिलाय, सप्टेंबरला देतेय." एवढंच. परीक्षा किती अवघड, टक्का किती कमी, पेपर कसा तपासतात, यातलं काही समजावत बसू नका. विचारणाऱ्याला तेवढं ऐकायचंही नसतं.

स्वतःच्या समजुतीसाठी मात्र एक आकडा लक्षात ठेवा. मे 2024 ला इंटरच्या पहिल्या ग्रुपला एक लाखाहून जास्त मुलं बसली आणि साधारण 27 टक्के उत्तीर्ण झाली. दुसऱ्या ग्रुपला 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये तुमच्या आजूबाजूला बसलेल्या चारांपैकी तिघं पुन्हा येणार असतात. तुम्ही एकटे नाही, आणि तुमच्या डोक्यात काही कमी आहे असंही यातून सिद्ध होत नाही.

आणि हे मनापासून सांगते: झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर अभ्यासाचं नंतर बघू. आधी घरातल्या एका माणसाला सांगा आणि 14416 वर फोन लावा. ही टेली मानस नावाची सरकारी, मोफत सेवा आहे. दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तसंच हे आहे.

मार्कशीट वहीत उतरवा

नवव्या दिवशी कोरी वही घ्या. आतापर्यंतच्या सगळ्या अटेम्प्टचे गुण विषयवार एकाखाली एक लिहा. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर भागवू नका. हातानं लिहिलं की डोळ्यांपुढं वेगळंच चित्र उभं राहतं.

नियम तुम्हाला माहीत आहेत, पण तो नियम आपल्या आकड्यांना लावून बघणारे फार थोडे भेटतात. प्रत्येक पेपरला किमान 40 आणि ग्रुपला एकूण 50 टक्के, म्हणजे तीन पेपरांत मिळून 150. आता एकीचे गुण समजा 58, 47, 38 असे आहेत. बेरीज 143. दुसरीचे 49, 48, 49. बेरीज 146. दोघीही नापास, दोघीही "थोडक्यात हुकलं" म्हणतात. पण पहिलीचा आजार एका पेपरात आहे, दुसरीचा तिन्ही पेपरांत थोडा थोडा पसरलाय. पहिलीनं तो एक पेपर मुळातून धरायचा. दुसरीला नवीन काही शिकायची गरज जवळजवळ नाही. तिनं प्रत्येक उत्तरात अर्धा-एक गुण कुठं सांडतो ते शोधायचं. या दोघी एकाच रिव्हिजन बॅचला जाऊन बसल्या तर दोघींचेही पैसे वाया जातील.

मग एक्झेम्प्शन. ग्रुप नापास असला तरी एखाद्या पेपरात 60 किंवा जास्त गुण असतील, तर तो पेपर पुढच्या तीन परीक्षांना द्यावा लागत नाही आणि त्याचे गुण ग्रुपच्या बेरजेत धरले जातात. समजा टॅक्सेशनला 64 आहेत. मग उरलेल्या दोन पेपरांत मिळून 86 पुरतात, फक्त दोन्हीकडे 40 च्या खाली जायचं नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास अडकलेल्यांसाठी हा मोठा आधार आहे.

पण इथं एक गोष्ट बदलली आहे, आणि ती न कळल्यामुळे मुलं फसतात. आमच्या वेळी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, म्हणून तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष हातात असायचं. 2024 पासून इंटर जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. म्हणजे तेच एक्झेम्प्शन आता एका वर्षात संपतं. शिवाय मोजणी "पुढच्या लगतच्या तीन परीक्षा" अशी आहे. तुम्ही एखाद्या परीक्षेला बसला नाहीत तरी ती मोजली जाते. हातात एक्झेम्प्शन असताना "एक अटेम्प्ट ड्रॉप करतो" म्हणण्याआधी बोटं मोजा. मुदत संपल्यावर ते कायम करून घेण्याचा पर्याय सीएच्या नव्या अभ्यासक्रम योजनेत आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात 50 लागतात. चाळिसाशी झगडणाऱ्यानं तो पर्याय घाईनं घेऊ नये, असं माझं मत आहे.

दोन्ही ग्रुप एकत्र द्यायचे का, हे वहीतल्या आकड्यांनाच विचारा. एकत्र दिले आणि एका ग्रुपला 165, दुसऱ्याला 138 पडले, प्रत्येक पेपरात 40 आहेत, तर एकूण 303 होतात आणि दोन्ही ग्रुप निघतात. एका ग्रुपचे जास्तीचे गुण दुसऱ्याला पुरतात. नव्या योजनेत दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) सुरू होत नाही, म्हणून एकत्र द्यायचा मोह होतो. माझा अनुभव असा की ज्याचा एकही ग्रुप अजून 140 च्या वर गेलेला नाही, त्यानं एकच ग्रुप धरावा. एक ग्रुप निघाला की दुसरा देणारा माणूस वेगळाच असतो.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवा

ही तिसरी पायरी. या लेखात तुम्ही एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

9 ऑगस्ट 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. तो खटला सीबीएसईचा होता, पण त्याचा उपयोग देशभरातल्या परीक्षार्थींना झाला. आज सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटकडून (आयसीएआय) निकालानंतर 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अर्ज करून, पेपरनुसार फी भरून उत्तरपत्रिकेची प्रत घेता येते. गुणपडताळणीचा अर्ज वेगळा असतो. पडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन होत नाही. म्हणून प्रत गुण वाढतील या आशेनं मागवू नका. स्वतःचं लिखाण परक्याच्या डोळ्यांनी वाचायला मिळावं, म्हणून मागवा.

तिसऱ्या नापासीनंतर मी कॉस्टिंग व एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) या पेपरची प्रत मागवली. 34 गुण होते. "पेपर कडक तपासला" असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि माझा त्यावर खरंच विश्वास होता. प्रत आली आणि मी ती दोन दिवस उघडलीच नाही.

उघडल्यावर दिसलं ते असं. पहिल्या सक्तीच्या 20 गुणांच्या प्रश्नाला मी 11 पानं घालवली होती. त्यातल्या एका छोट्या गणितात उत्तर जुळेना म्हणून ते तीनदा खोडून तीनदा केलं होतं, आणि ते गणित होतं फक्त 5 गुणांचं. शेवटच्या 16 गुणांच्या प्रश्नाला फक्त प्रश्न क्रमांक आणि खाली रेघ होती. वेळ संपला होता. प्रोसेस कॉस्टिंगच्या गणिताची रीत बरोबर होती, पण नॉर्मल लॉस कसा काढला ती वर्किंग नोट नव्हती, म्हणून एक आकडा चुकल्यावर पुढचं सगळं तपासणाऱ्याला अधांतरी वाटलं असणार. थिअरीच्या 4 गुणांच्या उत्तराला मी पान भरून लिहिलं होतं, आणि त्या पानभर एकच मुद्दा होता. तोच वेगवेगळ्या शब्दांत चारदा मांडलेला. त्याला 1 गुण मिळाला होता, आणि तो बरोबरच होता.

त्या रात्री माझ्या मनातला तपासणाऱ्यावरचा राग गेला. हलकं वाटलं. कारण कडक तपासणीवर मला इलाज नव्हता, पण अकरा पानांवर होता.

प्रत यायला वेळ लागतो. तोवर रिकामं बसू नका. प्रश्नपत्रिका आणि इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स (नमुना उत्तरं) घेऊन, आपण काय लिहिलं होतं ते आठवेल तसं पुन्हा लिहून काढा. प्रत हाती आल्यावर ताडून बघा. आपण काय लिहिलं असं वाटतं आणि खरोखर काय लिहिलं, यांतलं अंतर तुम्हाला स्वतःच दिसेल.

गेलेल्या प्रत्येक गुणाला कारण द्या

आता वहीत चार रकाने करा आणि गमावलेला प्रत्येक गुण त्यांतल्या एकात टाका.

पहिला रकाना: मला हे येतच नव्हतं. दुसरा: येत होतं, पण लिहिता आलं नाही. तिसरा: वेळ संपला. चौथा: प्रश्न नीट वाचला नाही.

माझ्या गेलेल्या 66 गुणांपैकी पहिल्या रकान्यात 20 सुद्धा नव्हते. आणि मी तीन अटेम्प्ट सगळी मेहनत फक्त पहिल्या रकान्यावर करत होते! ऑफिसात येणाऱ्या मुलांकडूनही मी हे करून घेते. प्रत्येकाचं चित्र वेगळं निघतं. एका मुलाचं सगळं चौथ्या रकान्यात गेलं होतं. "आवश्यक रोजनाम्याच्या नोंदी द्या" असं विचारलं असताना तो खाती काढून मोकळा झाला होता. त्याला क्लास लावून काय उपयोग होणार होता?

पहिल्या रकान्याचा इलाज पुस्तक. तिसऱ्याचा इलाज घड्याळ. चौथ्याचा इलाज पेन्सिल: सुरुवातीच्या 15 मिनिटांच्या वाचनवेळेत प्रश्नात नेमकं काय मागितलंय, त्या शब्दाखाली रेघ ओढायची. दुसरा रकाना आपल्या भागात फार मोठा असतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

लिहिता न येणं म्हणजे काय

आपल्यातले पुष्कळ जण जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून येतात. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. कायद्याच्या पेपरला कलम समजलेलं असतं, उत्तर डोक्यात असतं, आणि हात थांबतो. मग मुलं पुस्तकातली वाक्यं पाठ करतात. पाठ केलेल्या लांब वाक्यातला एक शब्द विसरला की सगळं वाक्य कोसळतं.

मला जे जमलं ते सांगते. आधी उत्तर मराठीत मोठ्यानं म्हणा, आईला समजावतोय असं समजून. "संचालकाला कंपनीनं कर्ज दिलं. कायदा म्हणतो, अमुक अटीशिवाय देता येत नाही. इथं ती अट पाळली नाही. म्हणून हे कर्ज चूक." झाली चार वाक्यं: तरतूद, घटना, मेळ, निष्कर्ष. आता तीच चार वाक्यं साध्या इंग्रजीत लिहा. वाक्य दहा-बारा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. तपासणाऱ्याला तुमची भाषा सजलेली नको असते, त्याला तरतूद आणि निष्कर्ष सापडायला हवा असतो. कलमाचा क्रमांक पक्का आठवत असेल तरच लिहा. चुकीचा क्रमांक लिहिण्यापेक्षा "कंपनी कायद्याच्या तरतुदीनुसार" एवढं पुरतं. रोज अशी तीन उत्तरं. दीड महिन्यात हात मोकळा होतो, हे मी स्वतःच्या हातावर बघितलंय.

गणिती पेपरांत "लिहिणं" म्हणजे वर्किंग नोट. प्रत्येक आकडा कुठून आला, हे उत्तरात दिसलं पाहिजे. मोंढ्यातला अडत्या पट्टी कशी लिहितो ते आठवा. वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं वेगळं, आणि मग खाली रक्कम. नुसती रक्कम लिहून दिली तर शेतकरी पट्टी घेईल का?

आणि मोंढ्याचा विषय निघालाच आहे तर: अभ्यासाला आपल्या भागातली उदाहरणं जोडा. प्रोसेस कॉस्टिंग मला डाळमिलमध्ये समजलं. तूर आत जाते, डाळ बाहेर येते. चुनी आणि भुसा जनावरांच्या खाद्याला विकला जातो, तो बायप्रॉडक्ट. सुकून, उडून जे वजन दर वेळी जातंच, तो नॉर्मल लॉस. यंत्र बिघडून जास्तीचा माल खराब झाला, तर तो अॅबनॉर्मल. जीएसटीतला रिव्हर्स चार्ज समजत नसेल तर जिनिंगवर जा. शेतकरी स्वतःच्या शेतातला कापूस विकतो, तेव्हा त्याला नोंदणी लागत नाही. पण नोंदणीकृत जिनिंगवाल्यानं त्याच्याकडून कच्चा कापूस घेतला की कर जिनिंगवाल्यानं भरायचा. विकणाऱ्याऐवजी घेणारा भरतो, म्हणून उलटा. जालना, परभणी, मानवतच्या मुलांना हे पुस्तकातून शिकायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

दोन महिन्यांचं गणित

निकालापासून पुढच्या परीक्षेपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. त्यातले आठ-दहा दिवस वर सांगितलेल्या कामात गेले. म्हणजे सात आठवडे. एवढ्यात सगळं पहिल्यापासून होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. तुम्ही नवे विद्यार्थी नाही.

सुरुवात शेवटच्या प्रकरणांपासून करा. माझ्यासारखी तुमचीही पहिली प्रकरणं पक्की आणि शेवटची कच्ची असणार. सकाळचा ताजा वेळ सर्वांत कमी गुणांच्या पेपरला द्या, दुपारी एक ते पाच लेखनाला. परीक्षा दुपारी 2 ते 5 असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो आणि जेवणानंतर डोळे मिटतात. शरीराला त्याच वेळी तीन तास सलग लिहायची सवय लागलेली पाहिजे. अभ्यासिकेत एसी असेल तर अधूनमधून पंख्याखालीही लिहून बघा, केंद्रावर काय मिळेल ते आपल्या हातात नसतं.

आठवड्याला किमान एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. पाचव्या आठवड्यापासून दोन. हा भाग मुलं सर्वांत जास्त टाळतात, कारण कमी गुण पडायची भीती वाटते. घरी पडलेल्या 31 गुणांना काहीही खर्च लागत नाही. मोजदाद अशी: 100 गुण, 180 मिनिटं. 30 गुणांच्या एमसीक्यूला, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांना, 45 ते 50 मिनिटं. त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. उरलेल्या 130 मिनिटांत 70 गुण, म्हणजे 14 गुणांच्या प्रश्नाला 25 मिनिटं. पंचविसावं मिनिट झालं की उत्तर अर्धं असलं तरी जागा सोडा आणि पुढं जा. हे घरी वीस वेळा केलं असेल तरच तिथं जमतं.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स. सगळं इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर मोफत आहे. आरटीपी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, त्यात तुमच्या अटेम्प्टला लागू असलेले कायद्यातले बदल दिलेले असतात. टॅक्सेशनला तर विशेष सांभाळा. नवा आयकर कायदा 2025 चा असून तो 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे, आणि जुन्या कायद्यातली कलमं त्यात वेगळ्या क्रमांकांनी आली आहेत. तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू, हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघितल्याशिवाय सीनियरच्या नोट्सला हात लावू नका. जुन्या नोट्स प्रेमानं दिलेल्या असतात, पण त्या जुन्याच असतात.

पैसे आणि जागा

दर अटेम्प्टला खोली, मेस, अभ्यासिका, क्लास हा खर्च सोयाबीनच्या पट्टीतून येतो, आणि त्याचं ओझं अभ्यासाला बसतानाही डोक्यावर असतं. आर्टिकलशिप सुरू झालेली नसल्यानं स्टायपेंडही नाही. म्हणून तिसऱ्या अटेम्प्टपासून मी मुलांना सांगते की एखाद्या सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात सकाळचे तीन-चार तास काम धरा. टॅलीच्या नोंदी, जीएसटीची रिटर्न. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास तिथं घाई असते, एरवी नाही. परीक्षेआधीचे सहा आठवडे सुट्टी मिळेल का, हे आधीच विचारून घ्या. चार पैसे मिळतात, आणि टॅक्सेशन हाताखालून गेलं की समजतं. बी.कॉम. अर्धवट असेल तर ती परीक्षा मात्र सोडू नका.

थांबायचं का?

हा प्रश्न विचारण्यात लाज नाही. फक्त निकालाच्या दिवशी विचारू नका. उत्तरपत्रिका बघितली, कारणं शोधली, त्यावर काम केलं, दोन अटेम्प्ट तसे दिले, आणि तरी गुण जागचे हलले नाहीत, तर घरच्यांसोबत बसून बोलावं. सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आहे, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आहे, बँकेच्या परीक्षा आहेत, जीएसटी आणि अकाउंटिंगचं काम तर मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानाला लागतं. पण गुण हलत असतील, 34 चे 41 झाले असतील, तर थांबू नका. इंटरच्या नोंदणीला नव्या योजनेत पाच वर्षांची मुदत आहे, ती तारीखही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलींच्या बाबतीत घरून "आता स्थळ बघू" सुरू होतं. अशा वेळी वडिलांना तीच वही दाखवा. माझ्या आबांना कॉस्टिंग कळत नव्हतं, पण चार रकाने बघून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हे तिसऱ्या खान्यातलं पुढच्या वेळी जाणार नाही ना?" आणि पुढच्या सहा महिन्यांत स्थळाचा विषय निघाला नाही.

परीक्षेचे दिवस

केंद्र दुसऱ्या गावाला असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. मी परभणीहून रेल्वेनं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जायचे. पहिल्या वेळी गाडी तीन तास उशिरा आली, आणि तो पेपर मी धापा टाकतच लिहिला. खोली केंद्रापासून चालत जाता येईल अशी घ्या. पेपर सुटल्यावर गेटपाशी उत्तरं ताडत उभं राहू नका, सरळ खोलीवर जा.

आणि ग्रुपचा एकही पेपर सोडू नका. पहिला किंवा दुसरा पेपर वाईट गेला की "आता ग्रुप गेलाच, पुढचा कशाला द्यायचा" म्हणून बॅग भरणारी मुलं मी दर वेळी बघते. 60 गुणांचं एक्झेम्प्शन मिळायचं असेल तर त्या ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. एक सोडला तर आधी मिळवलेलेही हातचे जातात.

मे 2012 ला माझा कायद्याचा पेपर फार वाईट गेला. आमच्या वेळी पहिल्या ग्रुपला चार पेपर असत, दोन बाकी होते. लॉजच्या खोलीत मी बॅग भरली आणि आबांना फोन केला, उद्या येते म्हणून. ते म्हणाले, "ये की. पण तिकीट काढलंच आहेस तिकडचं, तर राहिलेले दोन लिहून ये." मी राहिले. तो अटेम्प्ट गेलाच, कायद्यात 37 पडले. पण शेवटच्या टॅक्सेशनच्या पेपरात 61 मिळाले. नोव्हेंबरला मला तीनच पेपर द्यायचे होते आणि बेरजेत ते 61 आधीच जमा होते.